चिचगड परिसरातील घरामागची वाडी : स्वयंपाकातील सुगंधी वनस्पतींच्या लागवडीचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

पूर्व विदर्भाचा कृषी-इतिहास म्हणजे भाताचा आणि तलावांचा इतिहास, अशी समजूत रूढ आहे. ती चुकीची नसली तरी अपुरी आहे. घरामागच्या वाडीत सांभार, मेथी, लसूण, हळद, आले लावण्याची परंपरा या इतिहासात क्वचितच स्थान मिळवते. प्रस्तुत लेखात गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातील चिचगड परिसर डोळ्यांसमोर ठेवून या लागवडीचा काळ, पद्धती व तिचे ऐतिहासिक महत्त्व यांचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ब्रिटिश काळात चिचगड ही मध्य प्रांताच्या भंडारा जिल्ह्यातील एक जमीनदारी होती. मध्य प्रदेशातील मालकी हक्क निर्मूलनाचा १९५० चा कायदा ३१ मार्च १९५१ पासून अमलात आला व जमीनदारी पद्धती संपुष्टात आली. १९५६ मध्ये हा प्रदेश द्विभाषिक मुंबई राज्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला आणि १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. या सर्व स्थित्यंतरांत महसुली दप्तराचा मुख्य विषय शेतजमीन हाच राहिला. सिहार, मोरांड, कन्हार, बर्डी असे जमिनीचे प्रकार, धानाचे क्षेत्र, सिंचन व वन यांच्या नोंदी झाल्या. घरामागच्या दोन वाफ्यांवर सारा नव्हता, म्हणून त्यांचा लेखाही नव्हता.

वाडीतील वनस्पतींचा प्रवास

या दोन वाफ्यांत मात्र दूरदूरच्या प्रदेशांचा इतिहास सामावला आहे. हळद व कढीलिंब भारतीय उपखंडातीलच. लसूण मध्य आशियातून आला. धने भूमध्यसागरी व पश्चिम आशियाई प्रदेशातील मानले जातात. तरी ते येथे इतके जुने की पाणिनीच्या अष्टाध्यायीत त्यांचा वाचक ‘कुस्तुम्बुरु’ हा शब्द येतो. ‘पुदिना’ हे नाव फारसीतून आले, तर मिरची अमेरिकेतून पोर्तुगीजांमार्फत सोळाव्या शतकात. पश्चिम महाराष्ट्रात जिला कोथिंबीर म्हणतात तिला विदर्भात ‘सांभार’ म्हणतात. प्रदेशाने परके पीक आपलेसे केल्याची खूण अशी भाषेत उमटते.

लागवडीचा काळ व पद्धती

या भागात वर्षाला १२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या काळात. त्यामुळे वाडीचे दोन हंगाम पडतात.

पहिला हंगाम मृगाच्या आगेमागे. मे अखेर ते जूनमध्ये हळद व आल्याचे डोळे असलेले कंद उंच गादीवाफ्यावर लावावेत. पाणी साचल्यास ते कुजतात. वर पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे. आठ-नऊ महिन्यांनी पाने वाळू लागली की काढणी करावी. पावसाळ्यातच कढीलिंबाच्या मुळांपासून फुटलेली रोपे किंवा ताजे बी लावावे; जुने बी उगवत नाही. पुदिन्याचे मुळासह तुकडे पाणवठ्याजवळच्या अर्धसावलीत लावावेत.

दुसरा हंगाम हस्ताचा पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. धने हलके रगडून त्यांच्या दोन डाळी कराव्यात, रात्रभर भिजवावेत व सुमारे एक सेंटिमीटर खोल पेरावेत. उगवण एक ते दोन आठवड्यांत होते. चाळीस दिवसांच्या सुमारास सांभार कापणीस येतो. उन्हाळ्यात तो लवकर फुलावर येतो आणि भर पावसात कुजतो, म्हणून हिवाळाच त्याचा खरा काळ. मेथी महिन्याभरात तयार होते. लसणाच्या पाकळ्या टोक वर ठेवून सुमारे आठ सेंटिमीटर अंतराने लावाव्यात. गड्डे चार-साडेचार महिन्यांनी मिळतात, कोवळी पात मात्र आधीच खुडता येते.

विवेचन

हे वेळापत्रक केवळ हवामानाचे नाही. जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी असते आणि तिचा मोठा भार स्त्रियांवर असतो. हळद-आले रोवणीपूर्वी लावून होतात व पुढे त्यांना फारसे लक्ष लागत नाही. सांभार, मेथी, लसूण यांची पेरणी हलके धान कापणीला येण्याच्या सुमारास सुरू होते. धुण्याभांड्याचे पाणी, चुलीची राख व गोठ्यातील शेणखत एवढ्यावर वाफा पोसला जातो. म्हणजेच वाडीचे वेळापत्रक हे स्त्रीच्या श्रमाचेही वेळापत्रक आहे, असा निष्कर्ष काढता येतो. सातबाऱ्यावर जिचे नाव बहुधा नसे, तिच्या निर्णयाची नोंद या वाफ्यात सापडते.

बियाण्याचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. सांभाराची काही रोपे न कापता फुलू दिली, तर फेब्रुवारी-मार्चपर्यंत धने पक्व होतात व पुढील पेरणीचे बी घरातच राहते. दरवर्षी विकतचे बी आणल्यास ही साखळी तुटते आणि कोणते रोप बियाण्यासाठी राखावे हे पारखणारी नजरही हरवते.

समारोप

परसबाग हा विषय गृहशास्त्र व वनस्पतिशास्त्र यांच्याइतकाच इतिहासाचाही आहे. येथे लेखी साधने तोकडी असल्याने मौखिक साधनांना पर्याय नाही. देवरी तालुक्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आपल्याच घरातील आजी व आईकडून पेरणीचे नक्षत्र, बी राखण्याची रीत व वनस्पतींची स्थानिक नावे नोंदवून घेतल्यास महसुली दप्तराने सोडलेली जागा काही अंशी भरून निघेल. हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही. कारण हे ज्ञान ज्यांच्यापाशी आहे त्या पिढीचे वय झाले आहे.