लांब पल्ल्याच्या सायकलप्रवासाची पूर्वतयारी : गार्डन रीच, कलकत्ता आणि मुंबई

कलकत्त्याच्या नैर्ऋत्येस हुगळी नदीच्या डाव्या तीरावर पसरलेल्या पट्ट्याला गार्डन रीच म्हणतात. ‘रीच’ ही नाविकांची संज्ञा असून नदीच्या दोन वळणांमधील सरळ पात्राला ती लावतात. अठराव्या शतकात या पात्राच्या काठाने कंपनीच्या गोऱ्या अंमलदारांचे आणि व्यापाऱ्यांचे बागबंगले उभे राहिले. १८५६ मध्ये अवधचे राज्य खालसा झाल्यावर नवाब वाजिद अली शाह येथे येऊन राहिला आणि १८८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने मटियाबुर्ज या भागात आपले एक छोटे लखनौच वसवले. त्यानंतरचा गार्डन रीचचा इतिहास मात्र दरबाराचा नसून वाहतुकीचा आहे. शेजारची खिदिरपूर गोदी १८९२ च्या सुमारास सुरू झाली, नदीत चालणाऱ्या आगबोटींच्या दुरुस्तीसाठी १८८४ मध्ये उघडलेला कारखाना पुढे जहाजबांधणीचा मोठा सरकारी उद्योग झाला, आणि १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने आपले मुख्यालय येथेच थाटले. समोरच्या काठावर शिबपूरचे वनस्पतिउद्यान आहे आणि त्याच्यापाशी ग्रँड ट्रंक रस्ता, म्हणजे लाहोर-पेशावरापासून गंगेच्या खोऱ्यातून आलेला उत्तर हिंदुस्थानचा जुना राजमार्ग, संपतो. सागरी मार्ग, लोहमार्ग आणि राजमार्ग अशा तिन्ही वाटा इतक्या जवळ आल्या असल्यामुळे, लांब पल्ल्याच्या सायकलप्रवासाची तयारी या देशात कशी घडत गेली हे पाहण्यासाठी हे ठिकाण सोयीचे आहे.

या प्रवासाची पहिली उदाहरणे परदेशी होती. थॉमस स्टीव्हन्स हा पुढचे चाक प्रचंड मोठे आणि मागचे अगदी लहान असलेल्या जुन्या घडणीच्या सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला होता. अफगाणिस्तानातून पुढे जाता न आल्यामुळे त्याला वळसा घालून हिंदुस्थानात यावे लागले आणि १८८६ मध्ये त्याने लाहोरपासून कलकत्त्यापर्यंतचा ग्रँड ट्रंक रस्ता सायकलीने पार करून पुढे चीनकडे जाणारी बोट धरली. स्टीव्हन्स एकटा होता. समूहाने असा प्रवास करण्याची कल्पना दहा वर्षांनी दिसते : जॉन फॉस्टर फ्रेझर, एडवर्ड लन आणि एफ. एच. लो हे तिघे १७ जुलै १८९६ रोजी लंडनहून निघाले, हिंदुस्थान ओलांडून कलकत्त्यास पोहोचले आणि तेथून बोटीने ब्रह्मदेशात गेले. दरम्यानच्या काळात सायकलच बदलली होती. दोन्ही चाके सारखी, मागच्या चाकाला साखळीने गती आणि हवा भरलेले रबरी टायर ही आज सर्वपरिचित असलेली रचना रूढ झाल्यामुळे पडण्याची भीती कमी झाली, पण तिच्याबरोबर पंक्चर ही नवी आपत्ती आली. तयारी या शब्दाला तांत्रिक अर्थ आला तो येथपासून. घन रबराच्या टायरवर फिरणाऱ्या स्टीव्हन्सला जादा ट्यूब, ठिगळ, सोल्यूशन आणि पंप यांचा विचार करावा लागत नव्हता.

हिंदी माणसाच्या हाती ही सायकल आली ती गोदीतून. दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर मुंबईत आणि पाटण्यात कारखाने निघेपर्यंत देशातल्या जवळपास सर्व सायकली आणि त्यांचे सुटे भाग परदेशातून येत असत, आणि पूर्व भारताचा हा माल कलकत्ता बंदरात उतरे. कुंतलीन तेलाचे उत्पादक म्हणून गाजलेले हेमेंद्रमोहन बसू हे सायकलींच्या पहिल्या देशी विक्रेत्यांपैकी एक; जगदीशचंद्र बसू, प्रफुल्लचंद्र राय आणि डॉक्टर नीलरतन सरकार यांना सायकल शिकवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. बंगाली भद्रलोकांचे हे शिक्षण हौसेचे होते, परंतु सायकल स्वस्त होऊन कारकून, शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यापर्यंत पोहोचली तेव्हा दुरुस्तीची विद्याही तिच्यामागून गल्लीबोळांत गेली. तुटलेला आरा बदलणे, चाकाचा आउट काढणे, म्हणजे वाकडे फिरणारे चाक आऱ्यांच्या ताणाने पुन्हा सरळ फिरते करणे, या गोष्टी कोणत्याही शाळेत शिकवल्या जात नव्हत्या. प्रवासाला निघणाऱ्याने त्या कोपऱ्यावरच्या दुकानात बसूनच शिकायच्या होत्या.

समूहाने जगप्रवास करण्याची पहिली मोठी हिंदी मोहीम मुंबईहून निघाली. अदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भूमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानावाला आणि नरिमन कापडिया हे सहा पारशी तरुण १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबई सोडून गेले. ते सर्व बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सदस्य होते, आणि ही बाब दिसते त्याहून महत्त्वाची आहे, कारण त्या काळी सायकलशर्यतींचा स्वतंत्र व्यायामक्रम नव्हता आणि शरीर कमावण्याचे ठिकाण म्हणजे तालीम किंवा वजने उचलण्याचा क्लब हेच होते. अर्थात वजन उचलण्याची ताकद आणि दिवसच्या दिवस पायडल मारत राहण्याचा चिवटपणा या वेगळ्या गोष्टी आहेत. क्लबने या मंडळींना दिली ती ताकदीपेक्षा एकमेकांची सवय, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरेल. एकत्र घाम गाळलेल्या माणसांना परस्परांचा हेका, आळस आणि भूक ठाऊक असते, आणि वाळवंटात तंबू ठोकताना त्याचा उपयोग होतो. तरीही गट अखंड राहिला नाही. सहापैकी हकीम, बापासोला आणि भूमगरा हे तिघेच सुमारे ७१,००० किलोमीटरांचा प्रवास पुरा करून १८ मार्च १९२८ रोजी मुंबईत परतले, आणि १९३१ मध्ये त्यांचा वृत्तांत पुस्तकरूपाने आला. मुंबईतूनच १९२४ मध्ये फ्रामरोझ दावर एकटा निघाला, व्हिएन्नात त्याला गुस्ताव स्टाव्यानिक हा साथीदार मिळाला. तर १९३३ मध्ये केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ हे तिघे निघून १९४२ मध्ये परतले.

कलकत्त्याचा गट यांच्या मधोमध येतो. अशोक मुखर्जी, बिमल मुखर्जी, आनंद मुखर्जी आणि मणींद्र घोष या चौघांनी १२ डिसेंबर १९२६ रोजी कलकत्त्याच्या टाउन हॉलपासून प्रस्थान ठेवले. बिमल मुखर्जींनी त्याआधीची पाच वर्षे देशातल्या देशात सायकलीने भटकण्यात घालवली होती, आणि पूर्वतयारीच्या दृष्टीने हा भाग जगप्रवासाइतकाच मोलाचा आहे : खोगिरावर बसण्याची सवय, रात्रीचा निवारा मागण्याची भीड मोडणे, कोणत्या ओझ्याने सायकल डुलते आणि कोणत्याने नाही याचा अंदाज, हे सारे घराजवळ असतानाच शिकणे शहाणपणाचे. चौघांचा हा गटही फुटला आणि बिमल मुखर्जी पुढे एकटेच फिरत १९३७ मध्ये परतले. वाटेत त्यांनी मासेमारीच्या बोटीवर आणि गोठ्यात कामे केली. म्हणजे त्यांच्या तयारीत पैशाची तरतूद अपुरी होती, पण मिळेल ते काम करण्याची तयारी पुरेपूर होती. त्या काळच्या मध्यमवर्गीय बंगाली घरातल्या तरुणाच्या बाबतीत ही दुसरी तयारी पहिलीपेक्षा दुर्मिळ म्हणावी लागेल. त्यांचे प्रवासवर्णन ‘दु चाकाय दुनिया’ या नावाने कितीतरी वर्षांनी, १९८६ मध्ये, प्रसिद्ध झाले.

दोन्ही गटांच्या प्रस्थानाच्या तारखांकडे अभ्यासकांनी लक्ष द्यायला हवे. मुंबईचे सहाजण ऑक्टोबरच्या मध्यास निघाले, म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरचा पाऊस सरल्यावर; कलकत्त्याचे चौघे डिसेंबरात, म्हणजे बंगालचा दमटपणा ओसरून हवा कोरडी झाल्यावर. खालच्या बंगालची जमीन सपाट असून कलकत्ता समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच आहे, त्यामुळे तेथील स्वाराचा शत्रू चढ नसून घाम आणि चिखल हे आहेत. स्टीव्हन्स याच प्रदेशातून पावसाळ्याच्या दिवसांत गेला तो परिस्थितीने लादल्यामुळे. स्थानिक तरुणांना हवामान ठाऊक होते आणि त्यांनी त्यानुसार दिवस निवडला, हे त्यांच्या तयारीतले सर्वांत साधे आणि सर्वांत कमी उल्लेखले गेलेले अंग आहे.

दुसरे अंग कागदपत्रांचे. पहिल्या महायुद्धानंतर सरहद्दी ओलांडण्याचे नियम कडक झाले आणि १९२० च्या हिंदी पासपोर्ट कायद्याने प्रवाशाच्या हालचालींवर सरकारची नजर बसली. त्यामुळे १९२० च्या दशकातल्या या मोहिमांना परवाने आणि ओळखपत्रे यांचा पसारा सायकलीच्या कॅरिअरइतकाच जपावा लागला. सहाजणांनी मिळून निघण्याचा एक फायदा येथेही होता, कारण हत्यारे, सुटे भाग, औषधे आणि कागद वाटून घेता येत, आणि एकाची प्रकृती बिघडली तरी दुसरा जाऊन कचेरीत उभा राहू शकत असे. गटाची किंमतही तितकीच होती : सर्वांत मंद स्वाराच्या गतीने चालावे लागे.

देशांतर्गत लांब फेरीसाठी मात्र कागदांपेक्षा लोहमार्ग अधिक उपयोगी पडे. गार्डन रीचमधून कारभार चालणाऱ्या बंगाल नागपूर रेल्वेचा पाया नागपूर-छत्तीसगड रेल्वे हा होता. १८९१ मध्ये नागपूर-आसनसोल मार्ग मालवाहतुकीला खुला झाला आणि १९०० मध्ये कोलाघाट येथे रूपनारायण नदीवर पूल झाल्यावर नागपूर थेट हावड्याशी जोडले गेले. स्थूलमानाने याच दिशेने जाणारा राष्ट्रीय महामार्ग कोलकात्याहून खरगपूर, संबळपूर, रायपूरमार्गे विदर्भात उतरतो. महाराष्ट्रातून बंगालकडे किंवा उलट निघालेल्या सायकलस्वाराच्या हिशेबात रेल्वेस्थानक म्हणजे माघारीची सोय, आणि अशी सोय कुठे कुठे आहे हे आधी पाहून ठेवणे हा भित्रेपणा नव्हे.

युद्धकाळात हा सारा व्यवहार खुंटला. जपानी आक्रमणाच्या धास्तीने सरकारने १९४२ मध्ये बंगालच्या किनारी भागातून होड्या आणि त्यांच्याबरोबर सायकलीही काढून घेतल्या. ५ डिसेंबर १९४३ रोजी खिदिरपूर गोदीवर बाँब पडले. स्वातंत्र्यानंतर आसनसोलजवळ सेन-रॅले कारखाना १९५२ मध्ये सुरू झाल्यावर बंगालची आयातीवरची भिस्त कमी झाली.

सामूहिक लांब फेरीचे आजचे रूप युरोपातून आले आहे. १८९१ मध्ये पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारे १,२०० किलोमीटरांची शर्यत झाली, आणि १८९७ च्या जूनमध्ये काही इटालियन स्वारांनी रोम ते नेपल्स हे २३० किलोमीटरांचे अंतर दिवसाउजेडी पार केले; त्यांना ‘ऑडॅक्स’, म्हणजे धाडसी, हे लॅटिन विशेषण लागले. १९०४ पासून फ्रान्समध्ये या नावाने ज्या फेऱ्या निघाल्या त्यांत सर्वांनी गटनायकाच्या मागे ठरावीक गतीने चालायचे असे. १९२१ मध्ये पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबने दुसरी पद्धत धरली, जिच्यात प्रत्येकाने आपापल्या गतीने पण कमाल वेळेच्या आत पोहोचायचे. तिला ‘ब्रेव्हे’ म्हणतात. मूळ अर्थ प्रमाणपत्र. भारतात गेल्या दीड दशकात मुंबई, पुणे, नागपूर, कोलकाता येथे रुजली ती हीच. २०० किलोमीटरांसाठी साडेतेरा तास, ३०० साठी वीस, ४०० साठी सत्तावीस आणि ६०० साठी चाळीस तास मिळतात, पुढचामागचा दिवा आणि प्रकाश परावर्तित करणारे जाकीट आवश्यक असते, आणि ठरलेल्या तपासणीनाक्यांवर कार्डावर नोंद घ्यावी लागते. नवख्या स्वाराची तयारी म्हणूनच वेगाची कमी आणि थांब्यांची अधिक असते : चहाला वीस मिनिटे लागली तर पुढचे नाके किती वाजता बंद होते, याचा हिशेब पायांपेक्षा लवकर चुकतो.

गार्डन रीचमधला रोजचा सायकलस्वार मात्र या फेऱ्यांत क्वचितच दिसतो. गोदी, जहाजकारखाना आणि मटियाबुर्जचे शिलाईउद्योग यांत काम करणारी माणसे सायकलीवर ये-जा करतात, कपड्यांचे गठ्ठे वाहतात. आणि याच शहराच्या पोलिसांनी २००८ पासून अनेक मोठे रस्ते सायकलींना बंद केले, २०१३ मध्ये अशा रस्त्यांची संख्या १७४ वर गेली आणि नंतर ती कमी करावी लागली. ओझे बांधण्याचे, मोडकी सायकल घरापर्यंत रेटण्याचे जे कौशल्य मुखर्जींच्या पिढीने प्रयत्नाने मिळवले ते येथे पोटापाण्याचा भाग आहे. हेच कौशल्य ब्रेव्हेतही लागते, कारण तिच्या नियमांनुसार स्वाराला स्वतःचा मदतनीस तपासणीनाक्यांखेरीज इतरत्र घेता येत नाही, मात्र वाटेवरची जी दुकाने सर्वांसाठी खुली असतात त्यांचा उपयोग करण्यास हरकत नसते. अडचण एवढीच की महामार्गालगतचे पंक्चरवाले आता बहुधा ट्रकच्या टायरांचे असतात, आणि ४०० किलोमीटरांच्या फेरीचा मोठा भाग ती दुकाने मिटल्यानंतरच्या अंधारात कापावा लागतो.