घाटातला सांधा

थंड देशांत रुळांचे सांधे बर्फाने गोठतात. तेथे त्यांना विजेची ऊब द्यावी लागते. आम्हां पुणेकरांचा वैरी बर्फ नव्हे, उतार! १८६३ साली खुल्या झालेल्या बोरघाटात तो ३७ फुटांस १ फूट इतका तीव्र. उतरती गाडी हाताबाहेर गेली तर? म्हणून सांधा मुख्य मार्गाकडे नव्हे, चढत्या आडमार्गाकडेच वळवून ठेवण्याची रीत पडली. गाडी थांबून ताब्यात असल्याची खात्री पटली, म्हणजेच तो फिरवायचा. १९२९ साली पुण्यापर्यंत विजेची गाडी आली, खंडाळ्यापाशी गाडीचे तोंड फिरवण्याचा खटाटोप सुटला. घाटातला तो थांबा मात्र सुटला नाही. त्यावर आम्हीही कित्येकदा कुरकुरलो आहोत.