एका कागदास लागणारा वेळ

संगमनेरास प्रवरा आणि म्हाळुंगी या नद्या एकत्र येतात आणि तेथून पूर्वेकडे जाणारी प्रवरा पुढे नेवाशाच्या काठाने वाहते. एक मजकूर सिद्ध करावयास मनुष्यास किती काळ लागतो, या प्रश्नाचा मागोवा घेताना मला याच एका नदीच्या तीराने चालत जावेसे वाटते. कारण तांब्यावर कोरलेला लेख, ग्रंथरूपाने उतरलेले निरूपण, दफ्तरातील कागद आणि शाहिराच्या कंठातील कवन, ही सर्व तिच्या सान्निध्यात नांदून गेली आहेत.

सर्वांत जुना लेख ताम्रपटाचा. सिन्नरच्या यादव घराण्यातील दुसऱ्या भिल्लमाचा शके ९२२ चा, म्हणजे इ. स. १००० चा, दानपट संगमनेर येथील म्हणून इतिहासज्ञांस परिचित आहे. अशा लेखात घाई संभवतच नसे. प्रथम पत्रा ठोकून सपाट करावयाचा, मग लेखकाने अक्षरे रेखावयाची, त्यांवरून कोरणाऱ्याने छिन्नी चालवावयाची, आणि एखादे अक्षर चुकलेच तर तेवढी जागा पुन्हा ठोकून त्यावर नवे कोरावयाचे. दान चंद्रसूर्य असेतोवर चालावे, अशी ज्याची प्रतिज्ञा, त्या लेखास चार दिवस अधिक लागल्याचे दुःख कोणास होणार?

नेवाशास मात्र काळाचे गणित निराळे झाले. तेथे ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, सुमारे नऊ हजार ओव्यांचे गीताभाष्य सांगितले आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले. वाणी वेगवान आणि हात मंद, अशा दोहोंची गाठ तेथे पडली. परंतु लिहून झाले म्हणजे लेखन संपले, असेही नव्हे; नकलांवर नकला होताना पाठ बिघडत गेले, आणि पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये ते शुद्ध केले, तोवर जवळजवळ तीन शतके लोटली होती. या शुद्धीकरणाचा काळ मी ग्रंथलेखनाच्या काळातच मिळवतो. ज्याने दुसऱ्याचा शब्द निर्मळ करण्यासाठी डोळे शिणवले, त्याचे श्रम हिशेबाबाहेर ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

खरी त्वरा आली ती दफ्तरामुळे. मोगल अंमलात संगमनेर हे सरकारचे ठिकाण होते; पुढे मराठ्यांचा अंमल बसला, तरी वसुलाची, वतनांची आणि तंट्यांची लिखापढी थांबली नाही, उलट वाढतच गेली. सनद, ताकीदपत्र, कौल, महजर, जमाबंदीच्या फर्दी, इतका कागद रोज उठावयाचा म्हणजे बाळबोध अक्षर वळवीत बसणे परवडणारे नव्हते. ती निकड मोडीने भागविली. ही लिपी हेमाडपंताने प्रचारात आणली, अशी परंपरा सांगते. लेखक आधी कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेघ ओढून घेई, आणि मग बोरू शक्य तितका न उचलता, एका अक्षराच्या शेपटीत दुसरे गुंतवीत, त्या रेघेखाली ओळ लोंबती सोडी. ऱ्हस्व-दीर्घाचा विचार नाही, शब्दांत अंतर नाही, विरामचिन्ह नाही. बोरूचे टोक तिरपे छाटलेले, काजळ आणि डिंक घोटून केलेली शाई, आणि ती ओली असतानाच वर टाकलेली बारीक वाळू. जुन्या रुमालांतील बंद उलगडताना त्या वाळूचे कण आजही बोटांस लागतात.

पण हात वेगाने चालला म्हणून कागद वेगाने निघत असे, असे समजू नये. आधी मसुदा होई, तो वरिष्ठ पाहत, त्यात दुरुस्ती होई, मग साफ नक्कल, नंतर शिक्का आणि अखेरचे मोर्तब. पत्राचा मायना आणि शेवटचे ‘बहुत काय लिहिणे’ हे कारकुनाच्या हातास पाठ असल्याने त्यांस क्षणही लागत नसे. वेळ जाई तो मधल्या चार ओळींत, जेथे कोणाचे शेत कोणाकडे वहिवाटीत राहावे हे ठरावयाचे असे.

याच संगमनेरात इ. स. १७४४ मध्ये अनंत फंदी जन्मास आले. शाहिराची रचना डफाच्या ठेक्यावर म्हणावयाची, म्हणून ती आधी कंठात आणि मग कागदावर. अहिल्याबाई होळकरांच्या सांगण्यावरून ते तमाशा सोडून कीर्तनाकडे वळले, अशी आख्यायिका आहे. त्यांचा उपदेशपर फटका आजही मराठी माणसाच्या तोंडी आहे. तो उतरवून घ्यावयास चांगल्या कारकुनास एक घटका पुरली असती. पण सवाई माधवरावांचा अंत, दुसऱ्या बाजीरावाची कारकीर्द आणि १८१८ साली पेशवाईचा अस्त, हे सारे पाहून १८१९ मध्ये देह ठेवणाऱ्या कवीच्या आयुष्यातील किती वर्षे त्या रचनेत मुरली होती, ते कोणत्या रोजकीर्दीत नोंदवावयाचे?

मोडी कारभारातून उठली. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात तिच्या कागदांचा मोठा संग्रह आहे. तो वाचणारा जाणता मनुष्य भिंग घेऊन बसतो, एकेका शब्दाची फोड करतो, हा ‘व’ की ‘ब’ यावर अडतो, मागील ओळीकडे परततो. आणि जो कागद कोणा कारकुनाने जेवणापूर्वीच्या घाईत झरझर लिहून बाजूस सारला होता, त्याच्यावर याची सारी दुपार जाते.