जोडपानाची मांडणी : आधी घडीचा विचार

मासिक उघडल्यावर समोरासमोर येणारी डावी आणि उजवी पाने एकच पट मानून केलेली रचना म्हणजे जोडपान. पत्रकारिता आणि जनसंवाद शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला हा प्रकल्प बहुधा येतोच. ‘ए-फोर’ आकाराची दोन पाने जुळवली की ४२० बाय २९७ मिलिमीटरचा आडवा पट मिळतो. संगणकाच्या पडद्यावर तो सलग दिसतो, हातातल्या अंकात मात्र मध्ये घडी असते. पुष्कळ प्रकल्प या घडीतच फसतात.

राजापेठेत राहणाऱ्या विद्यार्थ्याला विषयासाठी शहराबाहेर जाण्याची गरज नाही. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ अमरावतीचेच. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. आता मल्लखांबाचे छायाचित्र घेऊन पाहा. खांब उभा, पट आडवा. चित्र पटाच्या मधोमध ठेवले तर खांब नेमका घडीत जातो आणि खेळाडू दुभंगतो. त्यापेक्षा खांब उजव्या पानाच्या बाहेरच्या तृतीयांशात घ्यावा, खेळाडूचा चेहरा डावीकडे वळलेला असावा आणि त्याची नजर जाते तेथे मथळा यावा. वाचकाचा डोळा आपोआप मजकुराकडे वळतो.

पिना मारून बांधलेल्या ३२ पानी अंकात १६ आणि १७ ही मधली पाने तेवढी एकाच कागदाच्या एका बाजूवर सलग छापली जातात. इतर जोडपानांत डावे-उजवे पान वेगवेगळ्या कागदांवर येते आणि बांधणीत एखाद्या मिलिमीटरचा फरक पडतोच. त्यामुळे घडी ओलांडणाऱ्या मथळ्यात शब्द कधीही तोडू नये, दोन शब्दांमधली मोकळी जागा घडीवर आणावी. डिंकाने चिकटवलेल्या जाड अंकात तर आतला समास आणखी सोडावा लागतो.

छायाचित्राचा हिशेब सरळ आहे. कापणीसाठी चारही बाजूंना ३ मिलिमीटर जादा धरले, तर पूर्ण पटभर चित्रासाठी इंचाला ३०० बिंदूंच्या दराने रुंदीत सुमारे ५,०३० पिक्सेल हवेत. मोबाइलचे ४,००० पिक्सेल रुंदीचे चित्र २४० बिंदूंच्या आसपास बसते, तेही चालून जाते. पण संदेशातून पाठवताना आकसून १,६०० पिक्सेलवर आलेले चित्र अर्ध्या पटालाही पुरत नाही. मूळ फाइलच मागून घ्यावी.

मराठी मजकुराचे प्रश्न वेगळे असतात आणि इंग्रजी साचे उचलणाऱ्यांच्या ते लक्षात येत नाहीत. देवनागरीत मोठ्या लिपीची अक्षरे नाहीत, म्हणून मथळा, उपमथळा आणि मजकूर यांतील भेद अक्षरांच्या जाडीने व आकाराने दाखवावा लागतो. वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. म्हणून ११ पॉइंटच्या मजकुराला ओळींचे अंतर १६ पॉइंटच्या आसपास ठेवावे. प्रत्यय लागून आपले शब्द लांबतात. अरुंद रकान्यात दोन्ही कडा सरळ करण्याच्या हट्टापायी मग ओळींत भगदाडे पडतात. पानावर तीनऐवजी दोन रकाने बरे. युनिकोड मजकूर ओतल्यावर ऱ्हस्व इकार अक्षराच्या उजवीकडे पडला किंवा रफार सुटला, तर प्रणालीत भारतीय लिप्यांची जुळणी सुरू नाही असे समजावे.

शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते. दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू केले. मराठी मासिकांत चित्र ही शोभेची झालर नव्हती, हे जुने अंक ग्रंथालयात बसून चाळले की कळते. पडद्यावरचे नमुने शंभर पाहण्यापेक्षा असे दोन अंक पाहावेत.

छायाओळीकडे सर्वांत शेवटी, घाईत पाहिले जाते. आखाड्यातला मुलगा अल्पवयीन असेल तर पालकांची संमती हवी, नाव त्यांनी लिहून दिले तसेच छापावे. शेतकरी आत्महत्येवरील जोडपानात हीच गोष्ट दसपट जपावी लागते. तेथे विधवेचा चेहरा दोन पानभर पसरण्यापूर्वी छापील नमुना तिला दाखवावा, आणि ती नको म्हणाली तर मांडणी बदलावी, मग ती कितीही जमून आलेली असो.

नमुना १३ बाय १९ इंची कागदावर काढून कडा कापाव्यात. परीक्षकासमोर तो सपाट ठेवण्याआधी मधोमध घडी घालून, अंक धरतो तसा हातात धरून एकदा वाचावा.