बुगडीचा कान आणि सुश्रुताची नोंद

आमच्या वाशिंदला बाळाचे कान सोनाराकडून टोचतात. पाळीची जखम सहसा लवकर भरते. पण माझ्या मावसबहिणीने बुगडीसाठी कानाचा वरचा भाग टोचून घेतला आणि चौथ्या दिवशी तो लालभडक, गरम, टम्म सुजलेला! त्या कुशीवर झोपता येईना. पाळीला मात्र काहीच नाही. असं का?

पाळीत कूर्चा नसते, वरच्या कानात असते. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण वरच्या पातळ आवरणातून होतं. आवरणाखाली पू साचला की ते सुटतं, कूर्चा मरते आणि कान कायमचा वेडावाकडा होतो. आवरणाच्या या दाहाला पेरिकॉन्ड्रायटिस म्हणतात.

आता इतिहासाकडे येऊ. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला 16 वा अध्याय कान टोचण्यावर आहे. सहाव्या किंवा सातव्या महिन्यात, ऊन आरपार दिसेल अशा नैसर्गिक जागी टोचावं, असं तो सांगतो. जागा चुकून शिरेला इजा झाली तर काय होतं, हेही आहे. कालिका शिरेला लागलं तर ताप, दाह, सूज, वेदना. मर्मरिकेला लागलं तर वेदना, ताप आणि गाठी. लोहितिकेला लागलं तर मान आखडणं, कानात शूळ वगैरे.

इथेच आपण घसरतो. ‘सुश्रुताला पेरिकॉन्ड्रायटिस माहीत होता’ असं वाक्य प्रबंधात टाकायचा मोह होतो. टाकू नका. एक तर त्या अध्यायाचा मुख्य विषय पाळी आहे. आपली बुगडी आणि भिकबाळी कूर्चेतून जातात. दुसरं म्हणजे तो कारण शिरेचं देतो, कूर्चेचं नाही. आणि ‘गाठी’ म्हणजे गळू की वाढलेला व्रण, हे त्या शब्दावरून ठरत नाही. मग हाती काय उरतं? जागा बदलली की परिणाम बदलतो, हे निरीक्षण. ते काही कमी नाही.

हेच निरीक्षण 2000 साली अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये कामी आलं. एका दुकानात कान टोचलेल्यांना संसर्ग झाला. तपासात 118 जणांची 186 छिद्रं मोजली. 7 रुग्ण खात्रीचे, 18 संशयित. पाळीपेक्षा कूर्चेतल्या छिद्रांना संसर्गाचा धोका जास्त निघाला. स्यूडोमोनास हा जिवाणू चक्क जंतुनाशकाच्या बाटलीत सापडला! आधी कोणाला, कुठे, कधी हे नोंदवलं, म्हणून कारणापर्यंत पोचता आलं.

तेव्हा जुना ग्रंथ वाचताना वहीत दोन रकाने करा: ‘काय दिसलं’ आणि ‘का झालं असं वाटलं’. दुसरा रकाना काळाबरोबर बदलतो; पहिला बऱ्याचदा टिकतो.

बहिणीचा कान वाचला, पण वर एक घडी कायमची राहिली. आम्ही पाच दिवस हळद लावत बसलो होतो. तुम्ही बसू नका. वरचा कान गरम होऊन ठणकला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.