कालवा, काळी आणि कुंडी

खडकवासला म्हटले म्हणजे पुणेकरास आधी आठवते ते नळाचे पाणी, मग रविवारची चौपाटी आणि भाजलेली कणसे, आणि वडीलधाऱ्यांना 12 जुलै 1961 चा पानशेतचा पूर. मातीची आठवण कोणास होत नाही. आम्ही आज मातीविषयीच बोलणार आहोत. ज्यांच्या गॅलरीत चार कुंड्या आहेत त्यांनी जरा कान द्यावा, कारण गोष्ट धरणावरून निघाली तरी त्यांच्या कुंडीपर्यंत यायची आहे.

आम्ही शेतकीचे पदवीधर नव्हे. आमचे शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकावर आणि युनियनच्या कचेरीत, रद्दीतून आलेली पुस्तके वाचून. त्या कचेरीच्या गॅलरीत आम्ही तेलाच्या रिकाम्या डब्यांत मोगरा लावला होता. वैशाखात सकाळ-संध्याकाळ पाणी घालीत होतो. पाने पिवळी पडू लागली, तेव्हा झाड तहानले असे समजून आणखी घातले. आमच्याकडे कालव्यावरचा एक निवृत्त पाटकरी येत असे. त्याने डबा आडवा केला, मुळांशी नाक नेले आणि म्हणाला, "भाऊ, हे तहानेनं नाही मेलं, बुडून मेलंय. डब्याला भोक कुठंय?" भोक नव्हते. पाटकऱ्याचा तो प्रश्न पुढे आम्हांला इतिहासात फार ठिकाणी भेटला.

मुठेवरचे हे दगडी धरण कर्नल फाइफ या इंजिनियराच्या योजनेतून झाले. काम 1879 साली पुरे झाले आणि तलावाला लेक फाइफ असे नाव पडले. डावा कालवा खडकीकडे गेला, उजवा शहराच्या अंगावरून हडपसर-मांजरीकडे. धरणाच्या कामाला माल पुरविणाऱ्या कंत्राटदारांत जोतीराव फुले होते. कंत्राटदार पैसे घेऊन घरी बसतो; जोतीरावांनी मांजरीस जमीन घेतली आणि कालव्याच्या पाण्यावर स्वतः बागायत करून पाहिली. म्हणून 1883 साली पुऱ्या झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात मातीविषयी जे लिहिले आहे ते हातांना माती लागलेल्या माणसाचे लिहिणे आहे.

त्यातल्या दोन गोष्टी बागवाल्याने ध्यानात धराव्यात. डोंगरावरची पाने-फुले आणि मेलेले किडेकीटक कुजून त्यांचे सत्त्व पावसाने ओढ्यांतून वाहून जाते, ते ताली-बंधारे घालून शेतात अडवावे, ही एक. धरणाचे पाणी प्रत्येकाच्या वाट्याप्रमाणे मोजून, तोटीने द्यावे, ही दुसरी. याच सुमारास, 1881 साली, विलायतेत डार्विनसाहेबांचा गांडुळांवरचा ग्रंथ निघाला. शेताचा वरचा थर गांडुळांच्या पोटातून पुनःपुन्हा जाऊन तयार होतो, हे त्यांनी वर्षानुवर्षे मोजमाप करून दाखविले. एकाने डोंगर पाहिला, दुसऱ्याने गांडूळ. मेलेले कुजते आणि कुजलेल्यावर जिवंत उभे राहते, हे दोघांनाही दिसले. त्यांची गाठ पडली असती तर आम्हांला तो संवाद ऐकायला फार आवडले असते!

परंतु पाणी मोजून द्यावे, ही गोष्ट मागेच राहिली. नीरेचा डावा कालवा 1876 च्या दुष्काळात दुष्काळी काम म्हणून हाती घेतला गेला. त्या वेळी मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी कामांवरची मजुरी एक पौंड धान्याची किंमत आणि वर थोडे पैसे, इथपर्यंत उतरविली होती, आणि 1877 साली हजारो मजूर काम टाकून निघून गेले. संघटना हा आमचा धंदा असल्याने हे सांगितल्यावाचून राहवत नाही. असो. कालवे झाले, ऊस आला, आणि काही वर्षांतच कालव्याखालच्या सखल काळ्या रानांत पांढरा थर दिसू लागला. पाणी नाही म्हणून नव्हे, पाणी फार झाले म्हणून जमीन मेली.

याचे कारण समजण्यासारखे आहे. काळी जमीन चिकणमातीची. पाणी लागले की फुगते, वाळली की भेगाळते. तिच्यातून पाणी खाली फार हळू जाते. वरून भरमसाट पाणी आणि खाली वाट नाही, म्हणजे जमिनीतली पाण्याची पातळी वर चढते. मग केशाकर्षणाने पाणी पृष्ठभागाशी येते, ऊन ते पिऊन टाकते आणि पाण्यातले क्षार मागे राहतात. त्यांत सोडियम माजला की चिकणमातीचे कण सुटे होऊन मातीची छिद्रे बुजवितात. अशा जमिनीला आपले शेतकरी चोपण म्हणतात. नुसत्या पाण्याने ती सुधारत नाही. आधी चर खणून निचरा करावा, मग जिप्सम घालावे, म्हणजे त्यातला चुना सोडियमला हुसकून लावतो, आणि ताग किंवा धैंचा गाडावा. सांगली-शिरोळकडच्या ऊसवाल्यांना हे आज नव्याने सांगावे लागत नाही, त्यांनी त्याची किंमत मोजली आहे.

सरकारला जाग आली ती 1916 साली. कालव्यांचे पाणी शेतीच्या गरजेशी जुळवावे, पाणथळ आणि खारवट जमिनींचा बंदोबस्त करावा, म्हणून मुंबई सरकारने एक खास पाटबंधारे शाखा काढली. क्लॉड इंग्लिस हे इंजिनियर तिचे प्रमुख झाले. पुढे ती शाखा खडकवासल्याच्या तलावाखाली येऊन वाढली आणि तिचे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र झाले. आज तिथे नद्यांच्या आणि बंदरांच्या प्रतिकृती मांडून प्रयोग होतात. एवढ्या मोठ्या संस्थेचा जन्म मूळचा निचऱ्याच्या प्रश्नातून झाला, हे सिंहगड रस्त्याने जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?

आता कुंडीकडे या. मातीच्या जुन्या कुंडीच्या काठावर पांढरी खपली धरते ती पाहिलीच असेल. तोच हा नीरेकाठचा थर, वीतभर जागेत. मूळ श्वास घेते. मातीच्या छिद्रांत पाणी आणि हवा दोन्ही असावी लागतात. पाणीच पाणी झाले की हवा निघून जाते, मूळ गुदमरते आणि कुजते. कुजलेले मूळ पाणी ओढीत नाही, म्हणून पाणी असतानाच पान सुकते आणि मालक आणखी एक तांब्या ओततो. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे; ओल लागली तर तांब्या खाली ठेवावा. नुसती काळी माती कुंडीत भरू नये, तिच्यात कुजलेले शेणखत, पालापाचोळा आणि थोडी भरड वाळू मिसळावी.

सतत ओल्या कुंडीवर बारीक काळी चिलटे उडतात. त्यांच्या अळ्या वरच्या ओल्या थरात बुरशी आणि कोवळी मुळे खातात. औषधाच्या बाटलीला हात लावण्याआधी चार दिवस वरची माती वाळू द्यावी, पुष्कळदा तेवढ्याने काम होते. माव्याची गोष्ट निराळी. त्याची मादी नरावाचून पिले घालते, म्हणून आठवड्यात शेंडा भरून जातो. तो झाडाचा रस पितो आणि गोड चिकटा टाकतो, त्या गोडीला मुंग्या येतात आणि त्यावर काजळी धरते. आम्ही एकदा कढीपत्त्यावर जहाल औषध मारले. मावा मेला आणि त्याला खाणाऱ्या ठिपक्यांच्या ढालकिड्याच्या अळ्याही मेल्या. त्या काळसर, काटेरी, दिसायला भयंकर. आम्ही त्यांनाच चोर समजलो होतो. मावा पुन्हा आला, ढालकिडे मात्र फार उशिरा आले.

तो मोगऱ्याचा डबा पाटकऱ्याने रिकामा केला, उलटा धरला आणि खिळ्याने तळाला पाच भोके पाडली. प्रत्येक भोकावर खापरीचा एकेक तुकडा पालथा ठेवला, म्हणजे माती अडते आणि पाणी जाते. मग उरलेले नऊ डबे त्याने आमच्याकडे सरकविले आणि खिळा आमच्या हातात दिला.