तंबाखू कुठे धरता?

१९४४ साली ‘कॅन्सर रिसर्च’ या अमेरिकन नियतकालिकात मुंबईहून गेलेला एक लेख छापून आला. विषय होता तोंडाच्या कर्करोगाचे सलग १,००० रुग्ण. लेखक होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल तेव्हा जेमतेम तीन वर्षांचं होतं आणि तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी खानोलकरांवर होती.

त्यांचं काम समजून घ्यायचं तर आधी गालाच्या आत बघावं लागेल. अन्ननलिका, जठर, आतडी अशी जी लांबलचक नळी आपण पचनसंस्था म्हणून शाळेत शिकलो, ती ओठांपासूनच सुरू होते. तिला आतून पेशींचं अस्तर असतं, म्हणजे अभिस्तर. लहान आतड्यात अन्नरस शोषायचा असतो, म्हणून तिथे उंच पेशींची एकच रांग असते आणि ती तीन ते पाच दिवसांत नवी होते. तोंडात मात्र घास चावला जातो, घासला जातो. म्हणून तिथे चपट्या पेशींचे थरावर थर रचलेले असतात. तळाशी नव्या पेशी तयार होतात, वर सरकत जातात आणि झडतात. हीच रचना अन्ननलिकेतून खाली जाते. जठराच्या तोंडाशी ती एका रेषेवर संपते आणि एकेरी रांग सुरू होते.

गालातलं हे अस्तर मऊ असतं. तळहातावर असतो तसा केराटिनचा कडक थर त्यावर नसतो. तिथे वर्षानुवर्षं चुना-तंबाखूचा बार ठेवला, की ते हाताला घट्टे पडावेत तसं वागू लागतं. नको त्या जागी केराटिन तयार होतं आणि आरशात पांढरा चट्टा दिसतो. काही जणांत पुढे तळच्या पेशी बिघडतात, त्यांचे आकार वेडेवाकडे होतात, केंद्रकं मोठी आणि गडद दिसू लागतात. अस्तराखाली एक पातळ पडदा असतो. बिघडलेल्या पेशी तो ओलांडून खाली उतरल्या, की त्याला कर्करोग म्हणतात. पाचेक मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसाहून कितीतरी पातळ काप रंगवून काचेवर ठेवला, की हे सगळं दिसतं.

पण काच ‘काय झालं’ एवढंच सांगते. ‘इथेच का झालं’ हे कळायला माणसाच्या सवयींकडे वळावं लागतं. खानोलकरांचं मोठेपण या वळण्यात आहे. पान-तंबाखूवर संशय घेणारे ते पहिले नव्हते. त्रावणकोरमधल्या रुग्णांवर ऑर यांचा लेख १९३३ सालीच ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. खानोलकरांनी मात्र रूढी आणि कर्करोग यांचं नातं हाच अभ्यासाचा विषय केला. १९४५ साली सूर्याबाईंसोबत लिहिलेल्या लेखात त्यांनी कमरेला घट्ट धोतर बांधण्याच्या जागी होणारा त्वचेचा कर्करोगही नोंदवला. आजार शरीराच्या ज्या जागी होतो, तिथे रोज काय घडतं ते विचारा, अशी ही पद्धत होती.

१९५५ साली संघवी, राव आणि खानोलकर यांचा लेख ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. पचनमार्गाच्या वरच्या भागाचा कर्करोग आणि तंबाखू, हा त्याचा विषय. त्यात एक स्वच्छ विभागणी दिसते. तंबाखू चघळणाऱ्यांना कर्करोग प्रामुख्याने तोंडात होत होता, तर ओढणाऱ्यांना मागे, जिभेच्या मुळाशी आणि घशात. अस्तर तेच होतं. बार एका जागी बसतो आणि धूर मागे जातो, एवढाच फरक. डॉल आणि हिल यांनी लंडनमध्ये सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला, तो याच दशकात. आपल्याकडे सिगारेटचा तो इतिहास माहीत असणारे बरेच सापडतात, परळचा हा इतिहास मात्र फारसा कुणी सांगत नाही.

या गोष्टीला आणखी एक फाटा आहे आणि तो आमच्या पिढीपर्यंत येतो. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडात एक विचित्र आजार नोंदवला. पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याला ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ हे नाव दिलं. यात बिघाड दिसतो तो अस्तराच्या खालच्या मऊ थरात. सुपारीतल्या अरेकोलिनमुळे तिथल्या पेशी कोलॅजनचे तंतू बनवत सुटतात. गाल पट्ट्यांसारखे ताठ होतात, तिखट सहन होत नाही आणि तोंड उघडेनासं होतं. वरचं अस्तर पातळ होत जातं आणि त्यातून पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालच्या अहवालात तंबाखू नसलेल्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं. म्हणजे ‘मी तंबाखू खात नाही, नुसता मसाला खातो’ हे म्हणणं कोलॅजनला कळत नाही.

विडा लावायला पान, कात, चुना, अडकित्ता आणि थोडी सवड लागायची. पुडी फाडायला एक सेकंद पुरतो. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. त्याच वर्षी आमच्या शहरात आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झालं. आज मराठवाड्यातल्या गावागावांतून लोक तिथे येतात. वाळूजच्या शिफ्ट सुटतात तेव्हा किंवा आमच्यासारख्यांच्या ऑफिसखालच्या टपरीवर मात्र मसाल्याची आणि तंबाखूची अशा दोन वेगळ्या पुड्या एकत्र होतात. बंदी कागदावर शाबूत राहते आणि गुटखा तळहातावर तयार होतो.

एक साधी तपासणी आहे. तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमधून तोंडात घाला. जात नसतील, किंवा पाणीपुरीचं तिखट अलीकडे झोंबत असेल, तर दंतवैद्याला दाखवा. गालात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम असली, तरी दाखवा. ताठ झालेला गाल पूर्ववत करण्याचा खात्रीचा उपाय अजून नाही, पण सवय सुटली तर पुढचं नुकसान बरंच टळतं. डॉक्टर पहिल्यांदा विचारतील की काय खाता आणि कुठे धरता. खरं सांगा. ऐंशी वर्षांपूर्वी परळच्या प्रयोगशाळेत काचेच्या जोडीला हाच प्रश्न ठेवला गेला, म्हणून आज त्याचं उत्तर उपयोगी पडतं.